चौदा सेकंदांची कानपिळी

घरात कुणीही मोबाइलवर काही बघून हसलं, की मी हातातलं काम टाकून विचारते, "काय आहे? इकडे दाखव." सून म्हणते, "आई, मांजराचं आहे हो." तरी मी बघते. खरंच मांजर असतं. मग मी परत मेथी निवडायला बसते, पण पुढची पाच मिनिटं माझं चित्त थाऱ्यावर नसतं. सुनेला वाटतं, सासूबाई चौकस आहेत. वाटू दे. खरं कारण सांगायचं तर आधी माझा धंदा सांगावा लागेल, आणि धंद्यात माझ्या हातून झालेलं एक पापही.

धंदा लग्नाच्या व्हिडिओचा. नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांत ह्यांनी सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि एक जुना कॅमेरा विकत घेतला. आमच्या माहेरी सगळ्यांनी डोक्याला हात लावला. चांगली पाळीची नोकरी सोडून माणूस लोकांच्या लग्नात खांद्यावर पेटी घेऊन फिरणार! पण ह्यांचं एकदा ठरलं की ठरलं. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत जिथं धान्याच्या कोठ्या होत्या, तिथं मिक्सिंगचं सामान आलं. कोठ्या पलंगाखाली गेल्या.

मिक्सिंग म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगते. शूटिंग करणारा पहाटेच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत जे दिसेल ते घेत सुटतो. ते पाच-सहा तासांचं असतं. त्यातलं तीन तासांचं निवडायचं, जोडायचं, त्यावर गाणी घालायची, नवरीचं तोंड गुलाबात बसवायचं आणि नवरदेव बदामात. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. दोन व्हीसीआर, मधे एक बटणांची पेटी. एकावर चालवायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, आणि नेमक्या क्षणाला बोट दाबायचं. अर्धा सेकंद चुकलं की सगळं पुन्हा. सामान बसवायला आलेला माणूस ह्यांना दोन दिवस शिकवत होता आणि मी चहा देता देता बघत होते. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, तुम्ही शूटिंगच करा. वहिनींचा हात बसलाय यावर." चार दिवस हे माझ्याशी धड बोलले नाहीत. पण नंतर स्वतःच सगळ्यांना सांगायला लागले की नाशकात बाईनं मिक्सिंग केलेली कॅसेट फक्त आमच्याकडे मिळते.

गिऱ्हाइकं एकेक नग असायची. वणीकडचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची कॅसेट करायला आले ते अटच घेऊन. थोरल्या भावाशी बिनसलेलं. म्हणाले, "त्याचं तोंड माझ्या लेकीच्या कॅसेटमध्ये कुठंच दिसायला नको." बरं, हा भाऊ प्रत्येक विधीला नवरा-नवरीच्या बरोबर मागे उभा! कापायचं म्हटलं तर लग्नच शिल्लक राहत नव्हतं. शेवटी मी त्याच्या तोंडावर एक गुलाब बसवला आणि तो जिकडे सरकेल तिकडे गुलाब सरकवला. तीन तास. माझे डोळे गेले त्या कामात. वर्षभरानं तेच गृहस्थ पेढ्याचा पुडा घेऊन हजर. "वहिनी, आमचं भावाभावांचं मिटलं. तो गुलाब तेवढा काढता येईल का?" नाही येत, म्हटलं. मूळ कॅसेटवर केव्हाच दुसरं लग्न उतरवलं होतं. कॅसेटी महाग, आम्ही त्या पुसून पुसून वापरायचो.

आता मुद्द्याचं. तयार झालेली कॅसेट न्यायला घरची मंडळी यायची आणि आमच्या बाहेरच्या खोलीत बसून आधी सगळी बघायची. मी आतून त्यांच्याकडे बघायचे. कुठल्या जागी "मागं घ्या, मागं घ्या" म्हणतात, ते मला पाठ झालं होतं. मंगलाष्टकं कुणी कधी मागं घ्यायला सांगितली नाहीत. सप्तपदी नाही. दागिने फार तर एकदा, बायकांसाठी. पण कुणाचा मामा खुर्चीवर बसायला गेला आणि खुर्ची मागून कुणी ओढून नेली, भटजींना शिंक आली आणि हातातली पळी उडाली, पंगतीत आजोबांनी शेजाऱ्याच्या पानातली जिलबी उचलली, की सहा-सहा वेळा मागं. लहान असेल तर जास्त वेळा. समजावून सांगावं न लागणारं असेल तर आणखी जास्त. आणि पडणारा माणूस फेट्यातला पाहिजे, साध्या टोपीतला पडला तर कुणाला एवढं हसू येत नाही. पुढे इंटरनेटवर व्हिडिओ पसरायला लागले आणि ते का पसरतात यावर मोठमोठी माणसं टीव्हीवर बोलायला लागली, तेव्हा मी ह्यांना म्हणायचे, "मला बोलवा की. मला हे पंधरा वर्षांपूर्वीच माहीत होतं."

कॉम्प्युटर आला, सीड्या आल्या, तशी आम्ही डेमो सीडी करायला लागलो. पावसाळ्यात लग्नं नसतात. त्या दिवसांत गेल्या मोसमातल्या निवडक जागा जोडून अर्ध्या तासाची सीडी करायची आणि येईल त्या नव्या गिऱ्हाइकाला फुकट द्यायची. सगळे स्टुडिओवाले करायचे. ज्यांची लग्नं, त्यांना विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही यायचं नाही. रिवाजच होता तो. आणि माझ्या डेमोच्या शेवटी एक खास भाग असायचा, त्या 'मागं घ्या'च्या जागांचा. लोक आमची डेमो मागून न्यायचे ते त्या भागासाठी. मला त्याचा भारी गर्व.

त्या वर्षी शेवटच्या भागातली शेवटची जागा होती शोभाच्या कानपिळीची.

शोभा पंचवटीतली, एसटीत कंडक्टर. आई नाही, वडील अंथरुणाला खिळलेले, भाऊ नाही. धाकट्या बहिणीचं, उज्ज्वलाचं, लग्न तिनंच ठरवलं आणि तिनंच लावलं. नवरा मुलगा राजेंद्र घोटीचा, हरसूलकडे एका गावात प्राथमिक शिक्षक. घोटीला त्यांची भाताची गिरणी. आपल्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि नवरदेवाकडचे त्याला मानाचं कापड देतात. इथं भाऊ नाही म्हटल्यावर कुणीतरी एका चुलतभावाला पुढं ढकलला. शोभानं त्याला बाजूला सारलं. "उसना भाऊ कशाला? मी आहे ना." पदर खोचला आणि पिळला कान! दहा वर्षं तिकिटं पंच केलेला हात तो. नवरदेव ओरडला, "आई गं!" फेटा घसरून डोळ्यांवर आला, मुंडावळ्या नाकात गेल्या. हे कॅमेरा घेऊन अगदी समोर होते.

मी ते चौदा सेकंदांत बसवलं. शोभा पदर खोचते, कान पिळते, "आई गं!" तिथं चित्र थांबवलं. मागं घेतलं. पुन्हा "आई गं!" पुन्हा मागं. तिसऱ्यांदा फेटा डोळ्यांवर आला, की स्प्रिंग सुटल्यासारखा एक आवाज घातला, टुंईंईं. बस, संपलं. पुढचं-मागचं कापून टाकलं. काय कापलं, ते तेव्हा माझ्याही लक्षात राहिलं नाही. ते बघून हे एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

त्याच सुमाराला मोबाइलमध्ये मेमरी कार्डं आली. मोबाइलच्या दुकानांबाहेर पाट्या लागल्या, 'कार्ड भरून मिळेल'. आपण कार्ड द्यायचं, दुकानदार त्यात देवाची गाणी, सिनेमाची गाणी आणि 'कॉमेडी' भरून द्यायचा. त्या हिवाळ्यात मी रविवार कारंज्यावर चार्जर घ्यायला गेले होते. दुकानात चार-पाच जण एका मोबाइलवर वाकून हसत होते. आणि मला ऐकू आलं, टुंईंईं.

माझा आवाज! मी घातलेला! खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा माझी छाती फुगली. चार्जर तिथंच विसरून मी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "अहो, आपल्या डेमोतलं काम मोबाइलवर आलंय. लोक पोट धरून हसताहेत." ह्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "त्यात आपल्या स्टुडिओचं नाव दिसतं का?" नाही, म्हटलं. "मग काय उपयोग?"

आणि मी शहाणीनं काय केलं? दुसऱ्या दिवशी बसून त्या चौदा सेकंदांवर खाली स्टुडिओचं नाव आणि आमचा फोन नंबर टाकला आणि ती नवी प्रत स्वतःच्या पायानं त्या दुकानात नेऊन दिली. "ही टाका," म्हटलं, "ही जास्त स्वच्छ आहे." दुकानदारानं मला चहा पाजला. त्या चहाची आठवण झाली की अजून माझं मलाच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

महिना-दीड महिन्यानं शोभा दारात उभी. खाकी कपडे, खांद्याला तिकिटांची पिशवी, ड्यूटीवरून परस्पर आलेली. मी ओळखलंच नाही आधी. लग्नात जरीच्या साडीत बघितलेली.

"बसा ना," म्हटलं.

"नाही बसत. हे तुमचं का?" तिनं मोबाइल पुढं केला. खाली आमचं नाव, आमचा नंबर.

"हो, आमचंच. छान झालंय ना?" बोलून गेले आणि तिचा चेहरा बघून गप्प झाले.

"मला वाटत होतं लग्नातल्या कुणा पाहुण्याचा उद्योग आहे," ती म्हणाली. "सगळ्या पाहुण्यांवर संशय घेऊन झाला माझा. दोघांशी भांडले. आणि तुम्ही तर पैसे देऊन बोलावलेली माणसं."

मग ती उभ्यानंच बोलत राहिली. हरसूलच्या गाडीवर तिची ड्यूटी. मागच्या बाकांवर पोरं तो आवाज लावतात आणि ती तिकीट द्यायला गेली की दोन्ही कान झाकून घेतात. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडून सांगितलं, बाई, सुट्टे देतो पण कान सोड. "ते मी सोसते. दिवसाला पाचशे माणसं बघते मी, मला कातडं आहे. पण तिकडे गुरुजींचं काय? वर्गात पाठ वळली की पोरं आपापले कान धरून 'आई गं' म्हणतात. पालकसभेत एकानं म्हटलं, गुरुजी, घरी कोण शिकवतं तुम्हाला? ते आता भर उन्हात कानाला रुमाल बांधून शाळेत जातात. बदलीचा अर्ज केलाय. उज्जूशी बोलत नाहीत धड."

"अहो, पण गंमत होती ती," मी म्हटलं.

"उज्जूला सातवा लागलाय," शोभा म्हणाली. "पहिलं बाळंतपण. ओटी भरून माहेरी आणायची तिला. तिच्या सासूनं निरोप धाडलाय, त्या बहिणीचा पाय आमच्या उंबऱ्याला नको आणि आमची सून तिकडे यायची नाही. चार चौघांत माझ्या लेकराची अब्रू घेतली म्हणतात. मुद्दाम केलं म्हणतात. माझी उज्जू रोज फोनवर रडते. तिला आई नाही हो, मीच आहे." मग पिशवी सावरून ती म्हणाली, "तुम्ही केलंय ना? मग तुम्हीच पुसा."

"पुसते," मी म्हटलं. जणू फळ्यावरचं होतं ते!

त्यानंतरचे आठ-दहा दिवस मी घरात टिकले नाही. सकाळी कुकर उतरवला की चप्पल पायात. रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली, स्टँडच्या आजूबाजूची सगळी दुकानं. "तुमच्याकडे ती कानाची क्लिप आहे का? काढून टाका हो." कुणी हसायचे, कुणी म्हणायचे, काकू, ती तर सगळ्यात जास्त चालते. एका भल्या दुकानदारानं माझ्यादेखत काढून टाकली आणि म्हणाला, "काढली बघा. पण तुम्ही पायरी उतरेपर्यंत कुणीतरी ब्लूटूथनं परत देईल. लोक नाव घेऊन मागतात, कानवाली आहे का म्हणून." मी घोटीलाही जाऊन आले, बाजाराच्या दिवशी. तिथं तर एका दुकानात ती टीव्हीला लावली होती, तांदूळ घ्यायला आलेली माणसं उभी राहून बघत होती. गिरणी तिथून चार पावलांवर. तशीच उलट्या पावली परत आले.

मग कुणीतरी सांगितलं, इंटरनेटवर पण आहे. कॉलेज रोडला एका सायबर कॅफेत गेले. तिथल्या माणसानं दोन मिनिटांत काढून दाखवली. एकानं नाही, चार-पाच जणांनी चढवलेली. आमचं नाव कुणीतरी कापूनही टाकलेलं. एकानं वर हिंदीत लिहिलेलं, 'शराबी दूल्हे की पिटाई'. किती जणांनी पाहिली त्याचा आकडा बघून मी चष्मा पुसला आणि परत वाचला. खाली लोकांनी लिहिलं होतं, ही नवरीची सावत्र आई आहे. ही पैलवान आहे. हुंडा मागितला म्हणून मारलं, बरं झालं. अरे, कोण तुम्ही? कुठं होतात तुम्ही त्या मांडवात? मी त्या कॅफेत मोठ्यानं ओरडले असावे, कारण शेजारचा माणूस खुर्ची सरकवून बसला. तक्रार करायचं एक बटण होतं, ते दाबलं. रोज जाऊन दाबायचे. कुणाचं काही उत्तर आलं नाही.

जेवताना मी मधेच उठायचे. कुठं जायचंय तेच कळायचं नाही. हे म्हणाले, "अगं, वारा आहे तो. झाडू घेऊन वाऱ्यामागं काय लागतेस?" मी ताट तसंच ठेवून त्यांच्या अंगावर ओरडले, "नाव टाका, नाव टाका कुणी म्हटलं होतं?" ह्यांनी तेवढं एक विचारलं होतं. बाकी सगळं, बोटानं करायचं ते, मीच केलं होतं.

शेवटी एका रविवारी मी एकटी घोटीला गेले आणि सरळ गिरणीमागच्या त्या घराची कडी वाजवली. राजेंद्र गुरुजींच्या आईला सगळे जिजी म्हणतात. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, आवाज गिरणीच्या पट्ट्यावरून पलीकडे जाईल असा. गुरुजी घरातच होते. उज्ज्वला आतल्या दाराला टेकून उभी, पोट पुढं आलेलं, डोळे सुजलेले.

मी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हटलं, "मी ती व्हिडिओवाली. ते मोबाइलवरचं मी केलंय. शोभानं एकदाच कान पिळला, तीनदा मी पिळलाय. तो आवाजही माझा. तिचा काही दोष नाही."

जिजी माझ्याकडे बघत राहिल्या. "एकदा काय अन् तीनदा काय," त्या म्हणाल्या. "पिळला तर व्हता ना? मी बगितला ना मोबाइलात. कसा चेहरा करून पिळलाय तिनं. लय राग व्हता बाई तिच्या पोटात."

"तुम्ही मोबाइलात बघितलंत," मी म्हटलं. "तुमच्या घरात लग्नाची सीडी आहे ना? ती बघितली?"

सीडी कपाटात होती, वरचा प्लॅस्टिकचा कागदही धड निघालेला नव्हता. आधी बघायची राहून गेली, आणि ते प्रकरण सुरू झाल्यापासून कुणाला बघवलीच नव्हती. गुरुजींनी उठून प्लेअर जोडला. त्यांनी खरंच कानाला रुमाल बांधला होता. गिऱ्हाइकाच्या सीडीत आम्ही प्रत्येक विधी सलग ठेवत असू, कापाकापी डेमोसाठी. लग्नाच्या संचातली दुसरी सीडी लावली, पुढं पुढं घेतली आणि कानपिळी आली.

शोभा पदर खोचते. कान पिळते. "आई गं!" फेटा डोळ्यांवर. आणि मग ते पुढचं, जे मी कापलं होतं. शोभा घाबरून कान सोडते, दोन्ही हातांनी फेटा सरळ करते आणि विचारते, "लागलं का हो?" गुरुजी कान चोळत म्हणतात, "नाही हो ताई, आता नीट ऐकू यायला लागलं." सगळा मांडव हसतो. आणि त्यांच्या मागं एक बाई तोंडाला पदर लावून अशी हसतेय, अशी हसतेय की तिला उभं राहवत नाही. हसता हसता पुढं येते, शोभाच्या पाठीत एक धपाटा घालते आणि तिच्या गळ्यात हात टाकते.

"ही कोन?" जिजी म्हणाल्या. मग स्वतःच, "मी?"

"तुम्हीच."

"मागं घ्या."

गुरुजींनी मागं घेतलं. पुन्हा बघितलं. "अजून एकदा." तिसऱ्यांदा बघताना जिजींनी हात वर करून थांबवायला लावलं.

"एवढी हसले व्हते मी?" त्या म्हणाल्या. "आन् मलाच याद नाय. त्या मोबाइलात बगून बगून मला वाटाया लागलं, पोरीनं दावा साधला. माझ्या डोळ्यांम्होरं झालेलं मी इसरले." मग माझ्याकडे वळल्या. "हे का नाय त्याच्यात? माझं हसनं का नाय?"

"कापलं," मी म्हटलं.

"का?"

खरं तेच सांगितलं. "तुम्ही हसताय म्हटल्यावर ती घरातली गंमत वाटते. घरातल्या गमतीला परकी माणसं एवढी हसत नाहीत. एकटा माणूस ओरडताना दिसला की हसतात."

मी आयुष्यात शिव्या खाल्ल्या आहेत, कॅसेट उशिरा दिली म्हणून, मामाचं तोंड अर्धंच आलं म्हणून. पण जिजी जे बोलल्या ते शांतपणे बोलल्या. "माझं हसनं ऱ्हायलं असतं ना बाई, तर माझ्या लेकराला हसायची कोनाची टाप नव्हती. ते तुम्ही काढून घेतलं." मला रडू आलं. मी रडले, त्यांच्यासमोर. त्यांनी मला थांब म्हटलं नाही की रड म्हटलं नाही. नंतर उज्ज्वलाकडे बघून म्हणाल्या, "तुज्या बहिनीला सांग, ओटीचं सामान घेऊन ये म्हनावं. रीतीनं. आपुन रीतीनं धाडू." उज्ज्वला दारातल्या दारात खाली बसली.

निघताना गुरुजी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "काकू, हे पूर्ण आहे ते चढवा ना इंटरनेटवर. लोकांना बघू दे." किती आशेनं म्हणाले हो! मी चढवलं. सगळं सलग, वर स्वच्छ मराठीत लिहिलं, 'कानपिळीचा संपूर्ण व्हिडिओ'. महिनाभर रोज जाऊन बघत होते. शोभा, गुरुजींच्या घरचे आणि आम्ही दोघं, एवढ्याच माणसांनी तो पाहिला असावा. खाली एकच ओळ आली, कुणा अनोळखी माणसाची. 'हे एडिट केलेलं वाटतंय. खरी क्लिप टाका.'

ओटीच्या दिवशी शोभा मला बरोबर घेऊन गेली. म्हणाली, "एकटीनं तो उंबरा चढवत नाही मला. तुम्हीच उतरवलंय, तुम्हीच चढवा." हिरवी साडी, खण, नारळ, पाच फळं, सगळं तिनं आपल्या हातानं मांडून घेतलं होतं. बसमध्ये ती पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरनं तिला ओळखलं, पण बिचारा काही बोलला नाही.

जिजींनी दारात तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. उज्ज्वला तिच्या गळ्यात पडली ती किती तरी वेळ सुटेना. दोघी बहिणी रडत होत्या, हसत होत्या, काय बोलत होत्या ते त्यांनाच कळत होतं. ते बघून माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, एवढं तरी परत जुळलं.

मग गुरुजी बाहेरून आले. रुमाल काढलेला होता. शोभा त्यांना आधी 'राजाभाऊ' म्हणायची, उज्ज्वलानं मला सांगितलं होतं. आता उठून उभी राहिली आणि "या, गुरुजी," म्हणाली. ते तिच्यासमोर आले, हसले, आणि मान वाकवून कान पुढं केला.

"पिळा ताई," ते म्हणाले. "परत कमी ऐकू यायला लागलंय."

जिजी तोंडाला पदर लावून तयार होत्या. उज्ज्वला डोळे पुसत हसायला लागली. आम्ही सगळे वाट बघत होतो. शोभानं आधी खोलीभर नजर फिरवली, एकेकाच्या हाताकडे बघितलं, कुणाकडे मोबाइल आहे का ते. कुणाकडेच नव्हता. जिजींनी सकाळीच घरातले सगळे मोबाइल तांदळाच्या पिंपात टाकून वर झाकण ठेवलं होतं. तिला तसं सांगितलंही. गुरुजी मान वाकवून तसेच उभे होते.

शोभानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "राहू द्या, गुरुजी," ती म्हणाली.